मसाई मारातील दुपारची सफारी: शेवटच्या तासापासून मागे मोजत आखायचा बेत

केनियातील मसाई मारा या वन्यजीव राखीव क्षेत्रात जाणारे बहुतेक मराठी पर्यटक पहाटेच्या सफारीची तयारी मनापासून करतात आणि दुपारच्या सफारीला मात्र जेवणानंतरचा फेरफटका समजतात. त्यामुळे निघायला उशीर होतो, पहिला तास इकडून तिकडे धावण्यात जातो आणि सिंह उठून चालू लागतात नेमक्या त्याच वेळी गाडी परतीच्या वाटेला लागलेली असते. सकाळी प्राण्यांची हालचाल ऊन चढेल तशी ओसरत जाते, तर दुपारी ती ऊन उतरेल तशी वाढत जाते. म्हणून या सफारीचा बेत निघण्याच्या वेळेपासून पुढे न आखता, गेटबाहेर पडण्याच्या वेळेपासून मागे मोजत आखावा लागतो. पुढचे सगळे टप्पे या एका गोष्टीभोवती रचलेले आहेत.

टप्पा १: आरक्षण करतानाच संध्याकाळचा हिशेब करावा

दुपारच्या सफारीचे निम्मे यश आपला मुक्काम कोठे आहे यावर ठरते, आणि तो निर्णय मुंबई-पुण्यात बसूनच घेतलेला असतो. मुक्कामाच्या जागा ढोबळमानाने तीन प्रकारच्या आहेत: राखीव क्षेत्राच्या आतले कॅम्प, सेकेनानी किंवा तालेक अशा गेटांच्या बाहेरची लॉज, आणि राखीव क्षेत्राला लागून असलेल्या नाबोइशो, ओलारे मोतोरोगी, मारा नॉर्थ यांसारख्या कॉन्झर्व्हन्सी, म्हणजे मसाई जमीनमालकांनी वन्यजीवांसाठी भाडेपट्ट्याने दिलेली क्षेत्रे.

राखीव क्षेत्राचे परदेशी प्रौढांसाठीचे प्रवेशशुल्क २०२४ पासून जानेवारी ते जून या काळात १०० अमेरिकी डॉलर आणि जुलै ते डिसेंबर या काळात २०० डॉलर झाले असून, एक तिकीट सकाळी सहा ते सायंकाळी सहा एवढ्याच वेळेपुरते चालते. याचा अर्थ नीट समजून घ्यावा. नैरोबीहून सकाळी निघून पाच-सहा तासांनी गेटबाहेरच्या लॉजवर पोहोचल्यावर, जेवून चार वाजता आत शिरलात, तर ऑगस्टमध्ये त्या दोन तासांसाठी पूर्ण दिवसाचे शुल्क मोजले जाते आणि सहाच्या आत बाहेरही पडावे लागते. पहिल्या दिवसाची दुपारची सफारी कार्यक्रमपत्रिकेत छान दिसते, पण गेटबाहेर राहणाऱ्यांनी तिच्याबद्दल दोनदा विचार करावा. तेच पैसे आतल्या कॅम्पच्या एका जास्तीच्या रात्रीसाठी वापरणे मला अधिक योग्य वाटते. आतल्या कॅम्पमध्ये राहणाऱ्यांना साधारण साडेसहापर्यंत फिरता येते आणि परतीचे अंतरही थोडे असते. कॉन्झर्व्हन्सीत गाड्यांची संख्या मर्यादित असते आणि अंधार पडल्यावरही गाइडबरोबर फिरण्याची मुभा असते, मात्र तेथील मुक्काम महाग पडतो.

*तपासणी:* पैसे भरण्यापूर्वी सहल आयोजकाकडून तीन गोष्टी लेखी घ्याव्यात: मुक्काम गेटच्या आत आहे की बाहेर, रोज किती वाजेपर्यंत फिरता येईल, आणि गाडीत किती माणसे असतील. सात जणांच्या गाडीत प्रत्येकाला खिडकी मिळते का, हे वेगळे विचारावे.

टप्पा २: दोन ते साडेतीन, कॅम्पवरची तयारी

सकाळची सफारी आणि दुपारची सफारी यांच्यामध्ये मिळणारा वेळ झोपेत जातो, आणि चार वाजता गाडीत बसल्यावर लक्षात येते की कॅमेऱ्याची बॅटरी सकाळीच संपलेली आहे. अनेक कॅम्पमध्ये वीज सौरऊर्जेवर किंवा जनरेटरवर असते आणि चार्जिंगच्या वेळा ठरलेल्या असतात. शिवाय केनियातील सॉकेट चौकोनी तीन पिनांचे असल्याने आपला गोल पिनांचा प्लग त्यात बसत नाही. म्हणून जेवणाला जाण्यापूर्वीच, ॲडॅप्टर लावून, बॅटरी चार्जिंगला लावावी.

त्यानंतरचा क्रम असा ठेवावा. जेवण हलके घ्यावे, कारण खडबडीत वाटेवर तीन तास भरल्या पोटाने बसणे त्रासाचे होते. कॅमेऱ्याचे सकाळचे फोटो चाळून कार्डावर जागा करावी, लेन्स पुसून ठेवावी आणि जी लेन्स वापरायची तीच लावून निघावे, कारण धुळीत लेन्स बदलली की पुढचे सगळे फोटो डागाळतात. कापडी पिशवीत कॅम्पच्या स्वयंपाकघरातून मागून घेतलेले तांदूळ किंवा राजमा भरून तोंड शिवून टाकावे. खिडकीच्या कडेवर ही पिशवी ठेवून तिच्यावर कॅमेरा टेकवला की हात हलत नाही, आणि येथे तिपाई उभी करायला जागाच नसते.

कपड्यांबद्दल एक चूक वारंवार होते. मारा विषुववृत्तालगत असल्याने तेथे कायम उकाडा असेल असे समजून लोक अर्ध्या बाह्यांवर निघतात. पण हे पठार समुद्रसपाटीपासून १५०० मीटरहून अधिक उंचीवर, म्हणजे महाबळेश्वरपेक्षाही उंच आहे. चार वाजता कातडी भाजते आणि सहा वाजता उघड्या छपरातून येणारा वारा अंगात शिरतो. सुती पूर्ण बाह्यांचा सदरा, त्यावर चढवता येईल असे जाकीट आणि धुळीसाठी उपरणे किंवा स्कार्फ एवढे पुरते. गडद निळा आणि काळा रंग टाळावा, कारण त्से-त्से माश्या या रंगांकडे ओढल्या जातात आणि त्यांचा चावा सुती कापडातूनही लागतो. संध्याकाळी डास असतात, त्यामुळे डास पळवणारे मलम निघतानाच लावावे.

*इशारा:* केनियात प्लास्टिकच्या पिशव्यांवर २०१७ पासून बंदी आहे, आणि जून २०२० पासून संरक्षित क्षेत्रांत एकदाच वापरायच्या प्लास्टिकच्या बाटल्यांनाही मनाई आहे. चिवडा, खाकरा, लाडू हे सगळे स्टीलच्या डब्यात किंवा कापडी पिशवीत न्यावे आणि पाणी धातूच्या बाटलीत. प्लास्टिकची पाकिटे तशीही वाजतात, आणि शांततेत तो आवाज दूरवर जातो.

निघण्यापूर्वी प्रत्येकाने स्वच्छतागृहात जाऊन यावे, गरज वाटत नसली तरी. वाटेत सोय नसते. अगदीच निकड भासली तर गाइडला आधी सांगावे. तो चारही बाजूंनी मोकळी जागा शोधतो, स्वतः उतरून पाहणी करतो आणि मग गाडीच्या आडोशाला एकेकाला उतरू देतो. झुडपाजवळ गाडी थांबवण्याचा आग्रह कधीही धरू नये, कारण दुपारी सावलीसाठी सिंह झुडपातच बसलेला असतो.

टप्पा ३: गाडी सुरू होण्यापूर्वीची पाच मिनिटे

हा टप्पा जवळजवळ प्रत्येक जण वगळतो, आणि माझ्या मते संपूर्ण सफारी त्यावर अवलंबून असते. मारामध्ये गाडी चालवणारा माणूसच बहुधा गाइड असतो. त्याला काहीच सांगितले नाही, तर तो तुम्हाला सगळ्या पर्यटकांसारखे समजतो, म्हणजे गाइडांच्या आपसातल्या रेडिओवर सिंहाची बातमी आली की तिकडे, बिबट्याची आली की तिकडे. कारण आलेल्या लोकांना यादी पुरी करायची असते हा त्याचा अनुभव असतो. त्याला दोष देता येत नाही.

म्हणून गाडीला चावी लागण्यापूर्वी सर्व सहप्रवाशांसमोर पुढील गोष्टी बोलून घ्याव्यात.

पहिली गोष्ट म्हणजे सकाळी आपण काय पाहिले आणि काय नाही. दुसरी, किती वाजता परतायचे; आणि त्याहून महत्त्वाचे, कोणत्या ठिकाणाहून किती वाजता परत फिरायला सुरुवात करावी लागेल. तिसरी, आज आपल्याला दहा ठिकाणे नकोत, संध्याकाळी एका ठिकाणी थांबायचे आहे. हे वाक्य स्पष्टपणे, सर्वांच्या संमतीने सांगावे, कारण गाडीतल्या एकाला थांबायचे आणि दुसऱ्याला पळायचे असले की गाइडची पंचाईत होते. चौथी, गाडीत आजी-आजोबा किंवा पाठीचा त्रास असणारे कोणी असल्यास त्यांना मधल्या रांगेत बसवावे. मागच्या चाकांवरची रांग सर्वाधिक उसळते.

आणखी एक बारकावा आपल्या भाषेमुळे आला आहे. आपल्याकडे गावोगाव बिबट्यालाही चित्ता म्हणण्याची सवय आहे. तोच शब्द मारामध्ये वापरला की गाइड खरोखरीच्या चित्त्याकडे गाडी वळवतो आणि तो असतो उघड्या गवताळ मैदानात, बिबट्या मात्र नदीकाठच्या झाडीत. दोन्ही टोके विरुद्ध दिशांना असू शकतात. त्यापेक्षा स्वाहिली नावेच पाठ करावीत: सिम्बा म्हणजे सिंह, चुई म्हणजे बिबट्या, डुमा म्हणजे चित्ता, टेम्बो म्हणजे हत्ती, फिसी म्हणजे तरस, किबोको म्हणजे पाणघोडा. ‘पोले पोले’ म्हणजे हळूहळू, ‘सिमामा’ म्हणजे थांबा. रेडिओवरचे बोलणेही मग थोडे कळू लागते.

*तपासणी:* निघताना गाइडला परतीला वळण्याची वेळ सांगायला लावावी आणि ती सर्वांनी ऐकलेली असावी.

टप्पा ४: पहिला तास हळू जाण्याचा आणि शोधण्याचा

साडेतीन ते पावणेपाच या वेळेत मोठ्या मार्जारकुळातले प्राणी बहुतांशी झोपलेले असतात. सिंह दिवसाचे वीस तासांपर्यंत विश्रांतीत घालवतो, त्यामुळे या वेळी तो सापडला तरी पोट वर करून पडलेलाच दिसतो, आणि पर्यटक दोन फोटो काढून ‘पुढे चला’ म्हणतात. ही सर्वांत महागात पडणारी चूक आहे. झोपलेला सिंह सापडणे म्हणजे शेवटच्या तासाचा पत्ता मिळणे होय. जागा नीट ध्यानात ठेवावी, त्याचे पोट पाहावे आणि मग पुढे जावे. पोट तट्ट फुगलेले असेल आणि तो धापा टाकत असेल, तर तो रात्रीपर्यंत हलण्याची शक्यता कमी. कुशी आत गेलेल्या असतील, शेजारी पिल्ले अस्वस्थ असतील, तर तेथे परत येण्याचा बेत पक्का करावा.

हा तास प्रत्यक्षात नदीसाठी आणि हत्तींसाठी चांगला असतो. मारा नदीच्या वळणांवर पाणघोडे पाण्यात एकमेकांवर रेलून पडलेले असतात आणि मगरी वाळूवर ऊन खातात. हत्तींचे कळप दलदलीकडे किंवा पाण्याकडे येतात. जुलै ते ऑक्टोबरमध्ये विल्डबीस्ट या मोठ्या कुरंगांचे कळप नदीपाशी जमलेले दिसले तर मात्र वेगळा निर्णय घ्यावा लागतो. कळप तासन्‌तास काठावर उभा राहून मागे फिरू शकतो आणि संपूर्ण दुपार त्यात जाऊ शकते. थांबायचेच ठरले, तर गाडी काठापासून मागेच ठेवावी. पुढचे प्राणी पाण्यात उतरण्यापूर्वी काठावर गाड्या आल्या, तर वाट अडते आणि कळप परततो.

ताडोबात वारंवार जाणाऱ्यांना येथे सवय बदलावी लागते. तेथे दाट जंगलात आपण कान लावून बसतो, चितळाचा किंवा वानराचा इशारा आला की गाडी वळते. मारा हे उघडे गवताळ मैदान आहे, त्यामुळे येथे चरणाऱ्या प्राण्यांची नजर वाचावी लागते. दोन-तीन जिराफ चरणे थांबवून एकाच दिशेला टक लावून उभे असतील, तर दुर्बीण तिकडे लावावी. टोपी नावाचा तांबूस-तपकिरी कुरंग वारुळावर उभा असतो. तो आपल्या हद्दीची राखण करण्यासाठीही तसाच उभा राहतो, म्हणून नुसते उभे राहणे हा इशारा नव्हे. मान ताठ, नजर एका जागी खिळलेली आणि नाकातून फुसकारणे असे तिन्ही एकत्र आले की जवळ शिकारी आहे असे समजावे. गिधाडांच्या बाबतीतही घाई करू नये. पाय खाली सोडून वेगाने उतरणारी गिधाडे बहुधा मेलेल्या जनावराकडे जात असतात, पण संध्याकाळी झाडावर रांगेने बसलेली गिधाडे रात्रीच्या मुक्कामालाही आलेली असतात.

शोधताना गाडी उंचवट्यावर थांबवून इंजिन बंद करायला सांगावे आणि प्रत्येकाने एकेक बाजू वाटून घ्यावी. एकट्या झाडाची सावली, वारूळ आणि गाइड ज्यांना लुग्गा म्हणतात ते कोरडे ओहोळ, ही तीन ठिकाणे दुर्बिणीने सावकाश पाहावीत. गवतात संपूर्ण सिंह दिसत नाही. दिसतो तो कानामागचा काळा डाग किंवा शेपटीचा हलणारा गोंडा.

*इशारा:* दुपारी पश्चिमेकडून, व्हिक्टोरिया सरोवराच्या बाजूने, ढग चढून येतात आणि अर्ध्या-पाऊण तासाची जोरदार सर पडते. माराच्या बऱ्याच भागातील माती आपल्या मराठवाड्या-विदर्भातल्यासारखी काळी, चिकण आणि पावसात गाडी गिळणारी आहे. गाइड मुरमाच्या रस्त्यावर वळत असेल तर त्याला अडवू नये. मात्र पाऊस थांबताच लगेच परतही फिरू नये, कारण ओल्या गवतात बसणे टाळण्यासाठी सिंह आणि चित्ते रस्त्यावर किंवा वारुळावर येऊन अंग झटकतात आणि ती वीस मिनिटे फार चांगली असतात.

टप्पा ५: पावणेपाच ते सहा, एक जागा निवडून थांबावे

आता निर्णयाची वेळ येते. आतापर्यंत पाहिलेल्या जागांपैकी कोणती जागा परतीच्या वाटेवर आहे आणि कोठे काही घडण्याची शक्यता आहे, हे गाइडला विचारून एकच ठिकाण ठरवावे. चित्ता दिवसा शिकार करणारा असल्याने, रिकाम्या पोटाचा चित्ता वारुळावर चढून आजूबाजूला पाहत असेल तर तो पहिली निवड ठरावा. नाहीतर टप्पा ४ मधला झोपलेला कळप. नाहीतर तरसांचे बीळ; त्याकडे कोणी वळत नाही, पण ऊन उतरल्यावर पिल्ले बाहेर येतात आणि तेथे गर्दी नसते.

माझ्या पहिल्या भेटीत आम्ही पाच वाजून दहा मिनिटांनी सिंहिणींचा झोपलेला कळप सोडला, कारण रेडिओवर बिबट्या दिसल्याची बातमी आली होती. चाळीस मिनिटांनी तेथे पोहोचलो तेव्हा झाडाभोवती गाड्यांचा गराडा होता आणि बिबट्या फांदीवरून उतरून गेला होता. रात्री जेवताना शेजारच्या टेबलावरून कळले की त्या सिंहिणी साडेपाचला उठल्या आणि सहापूर्वी त्यांनी वॉर्टहॉग, म्हणजे आफ्रिकी रानडुक्कर, मारला. तेव्हापासून मी पाचनंतरच्या बातमीमागे जात नाही. अपवाद फक्त दहा मिनिटांच्या आतल्या अंतराचा.

सिंह उठणार हे आधी कळते. एकामागून एक जांभया, अंग ताणणे, एकमेकांची डोकी चाटणे, आणि मग एखादी सिंहीण बसून एकाच दिशेला पाहू लागते. दोन-तीन मिनिटांच्या अंतराने जांभया सुरू झाल्या की कॅमेरा हातात घ्यावा आणि बोलणे थांबवावे.

गाडी उभी करण्याचा क्रम महत्त्वाचा आहे. आधी सूर्य पाहावा. तो पाठीशी असला की प्राण्याच्या अंगावर उजेड पडतो. मग प्राण्याची संभाव्य वाट पाहावी आणि ती मोकळी सोडून बाजूला थांबावे. शिकारी आणि शिकार यांच्या मधोमध गाडी कधीही नसावी. पिल्ले असलेल्या चित्तिणीला चोहोबाजूंनी वेढले, तर गाड्यांचा तो घोळका दुरून पाहून तरस आणि सिंह तेथे पोहोचतात आणि तिची शिकार किंवा तिची पिल्ले जातात. शेवटी इंजिन बंद करावे. इंजिन चालू असताना काढलेले संध्याकाळचे फोटो थरथरीने हमखास बिघडतात.

*नियमांची उजळणी:* एका प्राण्याजवळ एका वेळी पाचपेक्षा जास्त गाड्या नकोत, अंतर किमान २५ मीटर असावे, आणि इतर गाड्या रांगेत असतील तर दहा मिनिटांत जागा सोडावी. राखीव क्षेत्रात वाट सोडून गवतात गाडी घालण्यास मनाई आहे. ‘थोडे जवळ घ्या, बक्षीस देऊ’ असे गाइडला म्हणणे म्हणजे दंडाची आणि कामावरून निलंबनाची जोखीम त्याच्या माथी मारणे होय. दहा मिनिटे संपल्यास कॅम्पकडे निघू नये. दोनशे मीटर मागे, त्याच वाटेवर, दुर्बीण लावून थांबावे. घाई असलेल्या गाड्या निघून जातात आणि जागा पुन्हा मोकळी होते.

थांबल्यावर छपराच्या उघड्या जागेतून उभे राहता येते, पण छपरावर बसू नये आणि हात-पाय बाहेर लोंबकळू देऊ नयेत. उघड्या बाजूंच्या गाडीत तर उभेच राहू नये. प्राण्यांना गाडी आणि माणसे मिळून एकच आकृती दिसते. ती आकृती मोडली की ते पळतात किंवा चिडतात. हत्ती कान पसरून डोके हलवत पुढे आला तर ओरडू नये, गाइड काय करतो ते करू द्यावे. कानशिलातून स्राव वाहत असलेला मदमस्त नर दिसला, तर स्वतःहून अंतर वाढवायला सांगावे.

फोटोपुरते थोडक्यात: हालचाल असेल तर शटर १/१००० सेकंदाच्या आसपास ठेवावे, उजेड उतरेल तसा आयएसओ, म्हणजे कॅमेऱ्याची प्रकाश-संवेदनशीलता, वाढवावा, आणि स्थिर बसलेल्या प्राण्यासाठी टेकू देऊन १/२५० पर्यंत खाली यावे. फ्लॅश पूर्ण बंद करावा, मोबाइलचाही.

टप्पा ६: परतीचा अर्धा तास

मारामध्ये सूर्य वर्षभर साधारण साडेसहा ते सातच्या दरम्यान मावळतो आणि विषुववृत्त जवळ असल्याने संधिप्रकाश फार टिकत नाही. वीस-पंचवीस मिनिटांत अंधार होतो. आपल्याकडच्या उन्हाळ्यातल्या रेंगाळणाऱ्या संध्याकाळीचा अंदाज येथे चालत नाही. ठरलेल्या वेळी गाइडने ‘निघू या’ म्हटले की निघावे. गेट बंद होण्याच्या धास्तीने शेवटची दहा मिनिटे वेगाने गाडी हाकली जाते, आणि त्याच वेळी पाणघोडे पाण्यातून चरायला बाहेर पडून वाटा ओलांडत असतात.

परतताना कॅमेरा पिशवीत बंद करू नये. वाटेवर झोपलेली तरसे, बाहेर पडलेले कोल्हे आणि क्षितिजावर एकट्या झाडाची काळी आकृती हे सगळे याच वेळी मिळते. जाकीट चढवावे, टोपी बॅगेत टाकावी; वाऱ्याने उडालेली टोपी आणायला कोणालाही खाली उतरता येत नाही.

टप्पा ७: कॅम्पवर पोहोचल्यावर

आंघोळीपूर्वी बॅटरी चार्जिंगला लावावी आणि लेन्सवरची धूळ आधी फुंकून मग पुसावी. गाडीतून उतरण्यापूर्वी सीटखाली पाहावे. दुर्बिणी तेथेच विसरल्या जातात. गाइडची बक्षिसी रोज द्यायची की शेवटी, हे गटाने एकदाच ठरवून घ्यावे.

मग गाइडला थांबवून एवढेच विचारावे की आपण सोडले तेव्हा सिंहिणी कोणत्या दिशेने निघाल्या होत्या आणि तिकडे पाणी किंवा ओहोळ कोठे आहे. ते वहीत लिहून ठेवावे. रात्रीत त्या काही किलोमीटर सरकतील, पण उद्या सकाळी सहाला गाडी कोणत्या बाजूला वळवायची, हे त्यावरून ठरते.